सौदा उघडा, स्क्रीन बंद



शेअर बाजारावर व्याख्यान म्हटलं की लोक वही-पेन घेऊन येतात. कुठला शेअर घ्यायचा ते पाहुणे सांगतील अशी आशा असते. ते मी सांगणार नाही. कापसाची गाडी जिनिंगला लावून तिथंच मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन घेणारी पोरं इथं आष्टीत बसली आहेत. माझा प्रश्न त्यांना आहे. सौदा उघडा असताना ॲप बंद पडलं, तर काय करणार?

26 फेब्रुवारी 2024 आठवा. सोमवार होता. मराठा आरक्षण आंदोलनामुळे जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवलं होतं, दुपारी चारपर्यंत. बाजार साडेतीनला संपतो. मुंबईत एक्स्चेंज चालू, ब्रोकरचा सर्व्हर चालू. आणि शुक्रवारी इथून ज्यानं सौदा उघडा ठेवला, त्याला भाव दिसण्याचीसुद्धा सोय नाही.

त्याच्या तीन वर्षं आधीचा प्रकार नेमका उलटा होता. 24 फेब्रुवारी 2021 ला आपलं इंटरनेट ठणठणीत होतं, पण राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी 11:40 ला थांबला. दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या तुटल्या, त्यापाठोपाठ क्लिअरिंगची जोखीम तपासणारी यंत्रणा बसली. बीएसई चालू होता. साडेतीन जवळ आले तरी एनएसई उघडेल की नाही कळेना, म्हणून अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर कापून टाकले. मग जाहीर झालं की बाजार पावणेचारला उघडून पाचपर्यंत चालणार. उघडला तो तेजीत. सेन्सेक्स हजारावर अंकांनी वर बंद झाला. ज्यांचे खरेदीचे सौदे कापले गेले, ते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी महिन्याची एक्स्पायरी होती, हेही लक्षात घ्या.

म्हणून आधी बंद काय पडलंय ते ओळखायचं: आपली रेंज, ब्रोकर, की एक्स्चेंज? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो.

स्टॉपलॉसचंच घ्या. रोजची स्टॉपलॉस ऑर्डर एक्स्चेंजच्या यंत्रणेत जाऊन बसते. ब्रोकरचं ॲप झोपलं तरी ती साधारणपणे तिथं जिवंत असते. पण तिचं आयुष्य त्या दिवसापुरतं. शुक्रवारची सोमवारी नसते. जीटीटी म्हणतात ती ऑर्डर अनेक दिवस टिकते, मात्र ती राहते ब्रोकरच्या सर्व्हरवर. म्हणजे 26 फेब्रुवारीसारख्या दिवशी जीटीटी कामाला आली असती. ब्रोकरच बसला तर तिचा उपयोग नाही. एक्स्चेंज थांबला तर दोन्ही निकामी. त्यात एनएसईनं 2021 पासून ऑप्शनमध्ये बाजारभावाची स्टॉपलॉस ऑर्डर बंद केली आहे. लिमिट द्यावी लागते, आणि भाव एका उडीत ती ओलांडून गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते. मनात ठरवलेला स्टॉपलॉस मी धरतच नाही.

ब्रोकर बसल्यावर काही अधिकृत सोय आहे का? आहे. ऑक्टोबर 2023 पासून एक्स्चेंजांनी मिळून ‘इरा’ नावाचा मंच सुरू केला आहे. ब्रोकरची यंत्रणा कोलमडली की तो चालू करता येतो. एसएमएस आणि ईमेलवर लिंक येते. तिथं उघडे सौदे बंद करता येतात, पडून असलेल्या ऑर्डर रद्द करता येतात, नवा सौदा करता येत नाही. पण तो चालू व्हायला वेळ लागतो, शिवाय लिंक उघडायला इंटरनेट लागतं. म्हणजे गावची रेंज गेली तेव्हा इराचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या ब्रोकरकडे खातं ठेवा असं सगळेच सांगतात. त्यात मार्जिनचे पैसे आधीपासून पडलेले नसतील तर ते खातं शोभेचं आहे. पैसे असतील तर अडकलेल्या निफ्टी फ्युचरच्या विरुद्ध तितकाच सौदा तिथं करून तोटा बांधून ठेवता येतो. पुढं दोन्ही एकदमच सोडवायचे. डिलिव्हरीच्या शेअरला मात्र ही युक्ती लावू नका. त्या खात्यात शेअर नसताना विकला आणि त्याच दिवशी परत घेतला नाही, तर लिलावात जाल.

भरपाईची आशा फार धरू नका. ‘मी विकलं असतं’ हा पुरावा होत नाही. वेळेसह स्क्रीनशॉट, नाकारलेली ऑर्डर, फोनची नोंद असेल तर तक्रारीला आधार मिळतो. आधी ब्रोकरकडे, मग बाजार नियामक सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारमंचावर.

आता कडू बोलतो. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले. तेही बहुतेक दिवस ॲप चालू असताना! म्हणून पहिली तयारी सौद्याच्या आकाराची. दिवसभर हात लावता आला नाही तरी घर हलणार नाही, एवढाच सौदा रात्रभर ठेवावा. ऑप्शन विकून उघडं बसणाऱ्यानं तर आणखी दूरच्या स्ट्राइकचा ऑप्शन विकत घेऊन तोट्याला कुंपण घातल्याशिवाय झोपूच नये.

दुसरी तयारी संपर्काची. लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टर घर चालवतो, टॉवर चालवत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम असू द्या. आणि उद्या, बाजार शांत असताना, ब्रोकरच्या डीलिंग डेस्कला साधा फोन लावून बघा. किती वेळानं उचलतात, ओळख पटवायला काय विचारतात, सौदा कापायचे किती पैसे घेतात, हे विचारून घ्या. तो नंबर आणि आपला क्लायंट कोड मोबाइलमध्ये नको, कागदावर लिहून खिशात ठेवा.