एक दिवस ठाण्याला



आपल्याकडची माणसे ठाण्याला नेहमी जातात, पण ठाणे पाहायला म्हणून कोणी जात नाही. कोर्टाची तारीख असते, कलेक्टर कचेरीतला दाखला असतो, दवाखान्यात कोणी पडलेले असते. काम उरकले की मिळेल ती गाडी धरायची आणि दिवेलागणीच्या आत घर गाठायचे. शाळेची सहल काढायची झाली तरी आम्हां मास्तरांच्या तोंडी पहिल्यांदा रायगड येतो, नाहीतर मुंबईची राणीची बाग. ठाणे आपले खिडकीतून मागे जाते.

मी तरी कुठे वेगळा होतो? मुरबाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी गेली पंचवीस वर्षे शिकवतो. ठाणे हे माझ्या जिल्ह्याचे ठिकाण. सभांना आणि शिबिरांना किती वेळा गेलो त्याची गणती नाही, पण तिथल्या मासुंदा तळ्याच्या काठी निवांतपणे बसलो असे एकदाही घडले नाही. याहून नवल सांगतो. माझे वडील १९६८ ते १९८७ अशी एकोणीस वर्षे त्याच ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, लेथवर उभे होते. त्यांनीही ते तळे कधी धड पाहिले नव्हते.

निमित्त झाले एका पत्राचे. माझा एक जुना विद्यार्थी कॅनडात असतो. टोरोंटो या मोठ्या शहराला लागून मिसिसागा नावाचे शहर आहे. मुंबईला जसे ठाणे तसे टोरोंटोला ते. गावाकडून आईवडील गेले तेव्हा पोराजवळ मोटार नव्हती. एका रविवारी त्याने त्यांना साध्या बसने आणि तिकडच्या लोकल गाडीने हिंडवून ओंटारिओ सरोवराचा काठ, पोर्ट क्रेडिटचे दीपगृह असे काय काय दाखवले. तिकडे बसचे तिकीट एकदा काढले की दोन तास गाड्या बदलता येतात म्हणे. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, “सर, इथले शेजारी हसले. म्हणाले, मिसिसागात पाहण्यासारखं आहे काय?”

हे वाचले आणि मला ठाणे आठवले. वडील ओसरीवर बसले होते. त्यांना विचारले, “बाबा, ठाण्याला येता का? काम काही नाही. नुसतं बघायला.”

ते म्हणाले, “नुसतं बघायला? पैसे वर आले का, मास्तर?”

पैशांचे म्हणाल तर लागले थोडेच. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ सालापासून एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. कंडक्टरने वडिलांच्या हातात शून्य रुपयांचे तिकीट ठेवले तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि टोपीत ठेवले. पूर्वी शनिवारी पाळी सुटल्यावर ते याच रस्त्याने रात्री उभ्याने यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचे. माझ्या लहानपणी बाप म्हणजे रविवारी झोपलेला माणूस!

कल्याणला लोकल धरायची. मुले किंवा म्हातारे बरोबर असतील तर सकाळच्या गर्दीत पडू नका. अकरा वाजून जाऊ द्या. आणि गाडी मुद्दाम धीमी घ्या. कल्याण पाहायचे तर त्याला वेगळा दिवस हवा. दुर्गाडी किल्ला आहे, आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचे ते जन्मगाव, एवढे मुलांना गाडीत सांगावे आणि पुढे निघावे. दिवा सुटले की मुलांना दोन्ही खिडक्या वाटून द्या. मुंब्र्यापाशी डाव्या हाताला डोंगर अगदी अंगावर येतो, त्याच्या माथ्यावर मुंब्रादेवीचे देऊळ. उजव्या हाताला खाडी. कळव्यानंतर पूल लागतो आणि पुलापलीकडे ठाणे.

या पुलाची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमाराला मुंबईच्या बोरीबंदराहून हिंदुस्थानातली पहिली उतारूंची आगगाडी निघाली ती ठाण्याला येऊन थांबली. चौदा डबे, चारशे पाहुणे, ओढायला तीन इंजिने, निघताना एकवीस तोफांची सलामी. अंतर चौतीस किलोमीटर. ठाण्याच्या पुढे खाडी आडवी होती. तिच्यावर पूल झाला आणि १८५४ साली गाडी कल्याणपर्यंत आली. म्हणजे आपण ज्या वाटेने येतो ती पहिल्या वाटेहून एकच वर्षाने धाकटी.

ठाण्याला पश्चिमेला उतरायचे. स्टेशनासमोर उंच पूल बांधला आहे, त्यावर ठाणे परिवहनच्या बस लागतात. मी म्हटले, “आधी तळ्यावर जाऊ.” बाबा म्हणाले, “आधी वागळे.” तिथे माझे काही चालले नाही.

ही परिवहन सेवा सुरू झाली १९८९ साली. वडील ठाणे सोडून तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्यांच्या वेळी बस नव्हत्या असे नाही, पण ते स्टेशनापासून चालतच जायचे. बसचे पैसे वाचवले की महिन्याला एक मनीऑर्डर जराशी जाड होते, हा त्यांचा हिशेब. त्यामुळे बसच्या खिडकीतून वागळे इस्टेटचा रस्ता ते पहिल्यांदाच पाहत होते. मी पाट्या वाचत होतो. आपल्या खेड्यात थांब्याला वडाचे नाव असते, देवळाचे असते, फार तर पाटलाच्या वाड्याचे. इथे नितीन कंपनी, कामगार हॉस्पिटल. रस्त्यांना तर नुसते आकडे: रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस, अठ्ठावीस. गाव असे नाव ठेवत नाही, कारखाना ठेवतो.

वागळे इस्टेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही एक. सरकारने जमीन घ्यायची, रस्ते काढायचे, पाणी आणि वीज आणून द्यायची आणि आखलेले भूखंड कारखानदारांना द्यायचे. त्यामुळे मोठ्यांबरोबर चार लेथ आणि एक ड्रिल घेऊन बसणारा छोटा मालकही इथे उभा राहिला. मालक आले तसे कामगार आले. मुरबाड, शहापूर, जुन्नर, कोकण, घाट, अशा किती गावांच्या किती घरांतला एकेक माणूस इथे होता! तुमच्या घरात विचारून पाहा, कोणी ना कोणी निघेल.

बाबांची खोली किसननगरात होती. एका खोलीत चौदा जण, सगळे आमच्याच भागातले. तिन्ही पाळ्या धरून माणसे निजत, म्हणजे एकाची वळकटी गुंडाळायच्या आत दुसऱ्याची पसरत असे. जेवण खानावळीत. रविवारी गावी जाणे झाले नाही तर रायलादेवीच्या तळ्यावर कपडे धुवायचे आणि तिथेच बसायचे. “तळं म्हणजे आम्हाला तेच,” बाबा म्हणाले. किसननगरात ती गल्ली त्यांना सापडली, खोली सापडली नाही. एका दुकानाच्या पायरीशी उभे राहून ते म्हणाले, “इथून भोंगा पुरा ऐकू यायचा.”

मग त्यांच्या कंपनीच्या गेटावर गेलो. कंपनीचे नाव मी घेत नाही. मालक गेले, त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली, आता कोणाकडे बोट दाखवणार? १९८७ च्या दिवाळीत सुटी संपवून बाबा परतले तो गेटाला कुलूप. हिशेबातले निम्मे मिळाले, निम्मे राहिले. ते गावी आले आणि पुन्हा भाताला लागले. त्या कुलपाबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. हजेरीचा पितळी बिल्ला तेवढा आईच्या ट्रंकेत होता. त्या दिवशी तो त्यांच्या खिशात आहे हे मला गेटावरच कळले.

गेट उरले नव्हते. शेडही नव्हती. तिथे सहा मजली काचेची इमारत उभी होती आणि गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली तरुण मुले-मुली जेवणाच्या सुटीत वडापावच्या गाडीभोवती गोळा झाली होती. वागळे इस्टेटमध्ये अजून यंत्रे चालणारे गाळे पुष्कळ आहेत, पण बऱ्याच जागी आता असे काचेचे धंदे आले आहेत. वॉचमन परभणीकडचा पोरगा. त्याने विचारले, “कोणाला भेटायचं, आजोबा?”

बाबांनी बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला. “इथं होतो मी.”

त्याने नंबर वाचला, बिल्ला परत दिला, आपली खुर्ची पुढे केली आणि पाणी आणले. बाबा दहा मिनिटे त्या खुर्चीवर बसले. लेथ कुठे होत्या, उजेड कुठून यायचा, फोरमनची केबिन कुठे, हे त्यांनी त्या पोराला हाताने दाखवले. मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. पंचवीस वर्षे मी मुलांना कारखान्याचा धडा शिकवला, आणि माझ्याच घरात बसलेल्या कामगाराला एक प्रश्न विचारला नव्हता!

शिक्षकबंधूंनो, वागळे इस्टेटमध्येच शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, म्हणजे आपण आयटीआय म्हणतो ती. सहल काढाल तेव्हा प्राचार्यांना आधी पत्र लिहा आणि परवानगी मिळाली तर आठवी-नववीची मुले तिथे न्या. लोखंडाचा कीस निघताना एकदा डोळ्यांनी पाहिला की पुस्तकातले चित्र वेगळे दिसते. मात्र दोन शिक्षकांत वीसांच्या वर मुले घेऊ नका. रस्त्यांवर ट्रक फार.

स्टेशनकडे परतलो तेव्हा दोन वाजले होते. मामलेदार कचेरीजवळची मिसळ ठाण्यात नावाजलेली आहे. बाबांनी नाव ऐकले होते, खाल्ली नव्हती. तिखट किती घ्यायचे ते आपले आपण ठरवावे. मी चुकलो, ते चुकले नाहीत.

पुढचे सगळे पायी होते. मासुंदा तळ्याशेजारी कोपिनेश्वराचे देऊळ आहे. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ते १७६० साली बांधवले. इथली पिंड पाहून मुलेच नव्हे, मोठेही गप्प होतात, एवढी ती थोर आहे. शिलाहार राजांच्या काळी या गावाचे नाव श्रीस्थानक होते आणि उत्तर कोकणची राजधानी इथे होती, तेव्हा या मातीत जुने दगड निघतात त्यात नवल नाही. तळ्याकाठीच राम गणेश गडकरी रंगायतन आहे. १९७८ साली ते उभे राहिले.

टेंभी नाक्यापाशी १८७९ सालचे यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. हे आपले बेने इस्रायल, घरात मराठी बोलणारे. पूर्वी कोकणात ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पुष्कळ जण पुढे इस्रायलला गेले. बाबा दारापुढे थांबले. म्हणाले, “आमचा फोरमन यांच्यातला. त्याचं मराठी तुझ्यापेक्षा चोख.”

वाचनाची गोडी असलेल्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय चुकवू नये. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली ते स्थापन झाले. आम्ही तिथे थोडेच थांबलो. बाबांचे पाय दुखू लागले होते.

तरी तुरुंगाची भिंत पाहायचा त्यांचा हट्ट होता. ठाण्याचा तुरुंग मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० साली तो बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला, १७७४ साली इंग्रजांकडे गेला. १८१६ साली त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथे फाशी दिले. नाशिकच्या जॅक्सन साहेबाच्या वधाचा तो खटला. आत जाता येत नाही. बाबांनी टोपी काढली, भिंतीकडे पाहून हात जोडले आणि पुन्हा टोपी घातली. मग टोपीतले शून्य रुपयांचे तिकीट खाली पडले, ते मी उचलले.

संध्याकाळी तळ्यावर आलो. काठाने माणसे फिरत होती, पाण्यात होड्या होत्या. बाबांनी होडीचा भाव विचारला आणि म्हणाले, “एवढ्यात आम्ही आठवडाभर जेवायचो.” तेवढे बोलून ते होडीत जाऊन बसले. मीही बसलो. एक फेरी झाली तरी ते काही बोलले नाहीत. उतरताना त्यांनी होडीवाल्याला विचारले, “हे तळं आधीपासून इथंच होतं का हो?” तो बिचारा काय सांगणार! वडिलांच्या जुन्या वाटेवरून तळे पाऊण तासाच्या आत चालत यायच्या अंतरावर होते.

कल्याणहून मुरबाडची गाडी मिळाली, बसायलाही मिळाले. घरी पोचायला नऊ वाजले. आई जागी होती. ठाण्याच्या मनीऑर्डरींवर तिने आम्हा चौघा भावंडांना वाढवले, पण ठाणे तिने पाहिलेले नाही. तिने बाबांना विचारले, “दिसली का तुमची कंपनी?”

“कंपनी गेली,” बाबा म्हणाले. “तळं आहे.”

“मग ते तरी दाखवा की.”

दिवाळीच्या सुटीत जायचे ठरले आहे. आईला एकाहत्तर वर्षे झाली; तिला एसटीत अर्धे तिकीट पडेल.