चुलीभोवतीचा ओटा आपल्या हातानं



घरात गॅस आला तरी पाणी तापवायला, भाकरी भाजायला चूल पेटतेच. चुलीभोवतीची जमीन सारखी उकरते, पावसाळ्यात ओल धरते. म्हणून पुष्कळ जणी तिथं सिमेंटचा ओटा करतात. तो आपल्यालाही जमतो. मात्र एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. सिमेंट आणि विस्तव यांची गाठ पडू द्यायची नाही.

का? काँक्रीट वरून कोरडं दिसलं तरी त्याच्या पोटात पाणी असतं. जाळ थेट लागला की त्याची वाफ होते. तिला वाट मिळाली नाही, तर ठिकरी उडते. चुलीपुढं आपलं तोंड असतं, शेजारी लेकरू बसलेलं असतं. म्हणून चूल मातीचीच ठेवा. तिच्या तीन बाजूंनी भाजक्या विटांची चार इंची भिंत चिखलात लावा, सिमेंटात नको. वीट आणि ओटा यांच्यात बोटभर फट सोडा आणि राखेनं भरा. तापल्यावर वीट फुगते, तिला तेवढी जागा लागते. तोंडापुढची हातभर जागाही मातीचीच राहू द्या, निखारे तिथंच पडतात.

आता माल. खाली मुरूम ठोकून घ्या. कडेच्या फळ्यांना आतून तेल लावा. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी. आधी कोरडंच कालवा, मग बेतानं पाणी घाला. पातळ माल पसरायला सोपा, पण तो कच्चा राहतो. तीन इंच जाडीचा थर द्या, सळईनं टोचून हवा काढा.

लाकडी रंध्यानं सपाट केल्यावर थांबा. वर आलेलं पाणी जिरलं, की मग लोखंडी थापीनं घोटा. पाणी लवकर आटावं म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरू नका. त्यानं पुढं बारीक चिरा पडतात, पापुद्रे सुटतात. काठ गोल करा, म्हणजे लेकरांना लागत नाही. उतार चुलीच्या उलट बाजूला द्या.

दुसऱ्या दिवसापासून ओलं गोणपाट टाकून दहा दिवस पाणी मारा. सिमेंटला बळ येतं ते पाण्यानं, उन्हानं नाही. खरखरीत जागा नंतर पाणी लावून पॉलिश पेपरनं घासा. ऑइल पेंट मात्र चुलीजवळ नको. 28 दिवस चूल दुसरीकडे मांडा. मग पहिले काही दिवस बारीक जाळ करा.

ओलं सिमेंट कातडी खातं. हातमोजे घाला, उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर धुऊन तडक दवाखाना गाठा.

फूटभर रुंद, आठ फूट लांब ओटा धरला, तर 50 किलोच्या एका गोणीत दोन घरांचं सहज भागतं. फोडलेली गोणी ओल धरते, खडे होतात. तेव्हा गटातल्या दोघींनी मिळून एकच गोणी आणा आणि लागोपाठ दोन्ही घरी काम करा. एकीनं कालवायचं, दुसरीनं घोटायचं.

आणि हो, ओट्यानं जमीन टिकते, धूर जात नाही. त्यासाठी खिडकी किंवा धुराडं हवंच. गवंड्याला बोलावलंत, तरी वीट, फट आणि राख आपण उभं राहून करून घ्या. रोज त्या जाळापुढं बसायचं आपल्याला आहे.