सोयाबीनचा चिकटा आणि आतड्याचे अस्तर

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कापसाच्या जोडीने सोयाबीन उभे राहिले, त्याला काही दशके झाली असून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस 71 आणि एमएयूएस 158 हे वाण येथील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने आणि 20 टक्के तेल असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याच्या कच्च्या तेलात साधारण दीड ते तीन टक्के फॉस्फोलिपिडे असतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गरम तेलात थोडे पाणी घालून ढवळले की ही द्रव्ये पाणी शोषून फुगतात आणि तपकिरी, चिकट गाळ होऊन वेगळी पडतात. तो गाळ वाळवला की लेसिथिन मिळते. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत छापलेला 322 हा आकडा त्याचाच. घरी येणाऱ्या रिफाइंड तेलात ते जवळपास उरलेले नसते, म्हणजे दाणा गावचा असला तरी त्याचा हा अंश बिस्किटे-चॉकलेटांच्या वाटेने परततो.

फॉस्फोलिपिडाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे पाणी टाळून तेलाशी जमवते, आणि या दुहेरी स्वभावामुळेच असे रेणू दोन थरांत रचले जाऊन प्रत्येक पेशीचे आवरण तयार होते. त्यांतील फॉस्फॅटिडिलकोलीन हे द्रव्य अंड्याच्या बलकात भरपूर असते, यकृत ते पित्तातून आतड्यात सोडते आणि आतड्यावरील बुळबुळीत श्लेष्माच्या थरातही ते आढळते.

आतड्याचे आतील अस्तर रक्ताच्या बाबतीत फार हळवे असते. हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा विश्रांतीच्या वेळी पचनसंस्थेकडे जातो. पण हृदयातील गुठळी आतड्याच्या धमनीत अडकली, हर्नियात आतडे आवळले गेले किंवा त्याला पीळ पडला, तर हा पुरवठा तुटतो. वैशाखात पारा 42 अंशांपुढे गेला असताना उन्हात राबणाऱ्या माणसाचे रक्तही त्वचेकडे आणि स्नायूंकडे वळते, आणि आतड्याच्या वाट्याला कमी येते. अस्तरावरील बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांची टोके अशा वेळी सर्वांत आधी मरू लागतात, कारण वर चढणाऱ्या रक्तातील प्राणवायू वाटेतच शेजारच्या उतरत्या शिरेत झिरपतो; कालव्याच्या टेलला असलेल्या शेताची अवस्था जायकवाडीच्या लाभक्षेत्रात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

विचित्र भाग पुढेच आहे. उपाशी पेशीत हायपोझँथिन नावाचे द्रव्य साचते, आणि रक्त परत सुरू होऊन प्राणवायू पोहोचताच झँथिन ऑक्सिडेज हे विकर त्यापासून अतिक्रियाशील, विध्वंसक कण निर्माण करते, जे पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांवरच तुटून पडतात. पाठोपाठ पांढऱ्या पेशी गोळा होऊन दाह वाढतो, अस्तर गळू लागते आणि जंतूंची विषे यकृताकडे वाहू लागतात. याला पुनर्प्रवाहाची इजा म्हणतात.

हंगेरीतील सेगेड येथील संशोधकांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांना सोयाबीनचे फॉस्फॅटिडिलकोलीन आधी आहारातून दिले आणि नंतर आतड्याचा रक्तपुरवठा काही काळ रोखून पुन्हा सुरू केला, तेव्हा दाह कमी आढळला; हे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र प्राण्यांना प्रयोगाआधी दिलेला आहार आणि माणसावर अवचित आलेले संकट यांत मोठे अंतर आहे, त्यामुळे लेसिथिनच्या गोळ्या विकणाऱ्यांनी या निष्कर्षांचा आधार घेणे घाईचे ठरेल. शिवाय आतड्यातील काही जंतू फॉस्फॅटिडिलकोलीनमधील कोलीनपासून असे द्रव्य बनवतात की यकृतात त्याचे रूपांतर झाल्यावर त्याचा संबंध हृदयविकाराशी जोडला जातो. आहारातून फॉस्फॅटिडिलकोलीन घ्यायचेच, तर अंड्याचा बलक किंवा नीट शिजवलेले सोयाबीन पुरेसे आहे. कच्च्या दाण्यातील घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात, म्हणून शिजवणे आवश्यक.

धमनीत अडकलेली गुठळी कोणत्याही आहाराने निघत नाही, आणि तेथे हिशोब तासांचा असतो. अशी गुठळी अडकली की अनियमित ठोक्यांचा हृदयविकार असलेल्या माणसाच्या पोटात अचानक असह्य कळा येतात, पण पोट दाबून पाहिल्यास सुरुवातीला ते मऊच लागते, आणि त्या मऊपणामुळेच दुखणे अपचनाचे समजून घरी रात्र काढली जाते.