सोनोग्राफीच्या खोलीतलं लक्ष



गरोदरपणात 18 ते 22 आठवड्यांच्या सुमारास जी सोनोग्राफी होते, तिला आम्ही अॅनॉमली स्कॅन म्हणतो. बाळाचा मेंदू, मणका, हृदयाचे चार कप्पे, त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं, हातपाय असं एकेक बघत जायचं असतं. बाळ काही आमच्यासाठी थांबत नाही. ते कूस बदलतं, पाठ करतं. हृदय हवं तसं दिसतं ते क्षणभरच, आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो, नाहीतर दारातून कुणी म्हणतं, "मॅडम, एवढी एक सही." नजर पडद्यावर परत येते तेव्हा हृदय बघून झालंय असं मनाला वाटतं. प्रत्यक्षात ते अर्धंच झालेलं असतं. चांगल्या जाणत्या डॉक्टरच्या हातूनही काही राहून जातं, ते असं.

लक्ष असं विचलित होऊ नये म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं 1981 साली वैमानिकांसाठी नियम केला. विमान चढताना-उतरताना, 10,000 फुटांच्या खाली, उड्डाणाशी संबंध नसलेलं काम आणि बोलणं बंद. आपल्याकडे सोनोग्राफीचा प्रोब हातात असेपर्यंत हाच नियम हवा. फोन बाहेर, रिसेप्शनवर. आत बोलवायचं ते फक्त जिवावर बेतलेल्या कारणासाठी. आणि तरीही व्यत्यय आलाच, तर तो अवयव पुन्हा पहिल्यापासून बघायचा.

आता कागदपत्रांचं. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यानुसार प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो. मुलींना जन्माआधीच मारलं जाऊ नये म्हणून हा कायदा आला, त्यामुळे तो फॉर्म काटेकोरच हवा. त्यातल्या चुका केवळ कारकुनी म्हणून सोडता येणार नाहीत, अशीच भूमिका सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली घेतली. म्हणूनच त्याला स्वतंत्र वेळ द्या. ओळखपत्र, माहिती, त्या स्त्रीची सही हे सगळं ती टेबलावर झोपण्याआधी. तपासणीचा निष्कर्ष आणि डॉक्टरची सही नंतर. दोन्ही कामं एकदम करू गेलं की दोन्ही बिघडतात.

नातेवाईक मध्येच विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" त्या प्रश्नावर रागावण्याचा आम्हाला हक्क नाही. टेबलावरची बाई डॉक्टरचा चेहरा वाचत असते, आणि आमच्या गप्प राहण्यानं तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून मी आधीच सांगते, "आता थोडा वेळ मी बोलणार नाही. गप्प आहे म्हणजे काही बिघडलंय, असं समजू नका. शेवटी सगळं सांगेन." एवढ्यानं तिचा जीव थाऱ्यावर येतो, आणि माझंही लक्ष हलत नाही.

या सभेत रुग्णालयं चालवणारी मंडळी आहेत. माझं मागणं त्यांच्याकडे आहे. 24 आठवड्यांनंतर गंभीर व्यंग कळलं, तर गर्भपाताचा प्रश्न वैद्यकीय मंडळापुढे न्यावा लागतो. तेव्हा वेळेत नीट बघणं याला पर्याय नाही. दिवसाच्या यादीतली नावं कमी करा आणि दाराशी एक समंजस माणूस नेमा. यंत्रावर लाखो रुपये खर्च करतोच आपण. ते यंत्र बघणाऱ्या डोळ्यांना निवांतपणा देणं त्याहून कितीतरी स्वस्त आहे.