आधी कुंपण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला प्रवासाविषयी बोलायला सांगितले आहे. पण बोलता बोलता मी आपल्या मागच्या टेकडीवर येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कोणी म्हणायला नको, की बाईंनी फसवून ऐकवले!

गेल्या वर्षी मी ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला लेकीकडे होते. एके दिवशी जावईबापू म्हणाले, "आई, चला, तुम्हाला खाणीचे गाव दाखवतो." गावाचे नाव ब्रोकन हिल. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. पहाटेच मोटारीने निघालो. दशम्या, चटणी होतीच, पण पाण्याचे कॅन इतके, की मी म्हटले, "अगं, वऱ्हाड निघाले की काय?" बरा नावाचे जुने तांब्याच्या खाणीचे गाव मागे पडले, आणि मग पाण्याचा अर्थ कळला. युंटा या चिमुकल्या गावी पेट्रोल भरले. पुढे जवळजवळ दोनशे किलोमीटर तांबडी माती, खुरटी झुडपे आणि मधूनच एखादा एमू. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून लेकीने उजेडीच गाव गाठले.

१८८३ साली मेंढ्यांच्या कुरणावर काम करणाऱ्या चार्ल्स रॅस्पला तिथल्या डोंगरात धातू असल्याचा संशय आला. निघाली चांदी, शिसे आणि जस्त. आता तो डोंगर राहिलेला नाही. त्या जागी गावाच्या मधोमध खाणीच्या मातीचा ढीग आहे, आणि त्यावर खाणीत मेलेल्या आठशेंहून अधिक कामगारांचे स्मारक. नावापुढे मरणाचे कारणही लिहिले आहे. मी वाचत गेले आणि मला माझे वडील आठवले. गिरणीतल्या धुळीने त्यांची छाती गेली. त्यांचे नाव कुठल्याच भिंतीवर नाही.

धुळीचे दुःख त्या गावानेही भोगले. भट्ट्यांसाठी आणि खाणीच्या टेकूंसाठी झाडे तोडली, उरलेले मेंढ्यांनी व सशांनी खाल्ले. वाळूची वादळे थेट घरांत शिरत. आजही तिथल्या लहान मुलांच्या रक्तातले शिसे तपासतात. पाऊस म्हणाल तर वर्षाला जेमतेम दहा इंच.

त्या गावात अल्बर्ट मॉरिस आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट हे वनस्पतींचे वेडे जोडपे होते. १९३६ साली एका खाण कंपनीच्या मदतीने गावाबाहेरची जमीन राखायचे ठरले. काही झाडे लावलीच. पण मुख्य काम केले ते कुंपणाचे. सशांनी शिरू नये असे जाळीचे कुंपण! आत चरणारे तोंड गेले नाही, तेव्हा मातीत पडून राहिलेले बी पावसाबरोबर आपोआप उगवले. १९३९ साली अल्बर्ट वारले, तरी काम थांबले नाही. राखलेल्या जमिनीचा तो हिरवा पट्टा मी डोळ्यांनी पाहिला.

आता आपली टेकडी. तीन पावसाळे आपण रोपे लावली. हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली, आणि उन्हाळ्याच्या आत शेळ्यांनी सारे फस्त केले. हा उपक्रम बंद करावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. तिच्यावर माझीही सही आहे. ती सही मी आज मागे घेते.

शेळ्यांचाही दोष नाही. त्यांच्यावर खालच्या वस्तीतल्या आपल्याच बहिणींची चूल पेटते. म्हणून सगळी टेकडी नको. एकच कोपरा राखू या. पण आधी त्या बहिणींना बोलावून विचारू या, आणि आतले गवत कापून नेण्याचा हक्क त्यांचाच ठेवू या. यंदा रोपांना पैसा नको, तारेला द्या. माझी वर्गणी मी आजच खजिनदारबाईंकडे देत आहे.