मन बसणें आणि मन देणें
(ज्युबिलीनिमित्त विवाहित स्त्रीपुरुषांपुढें दिलेलें भाषण)



लग्नास कांहीं वर्षें लोटलीं म्हणजे पुष्कळ जोडपीं आम्हांकडे येऊन म्हणतात, "फादर, आतां मन उडालें." हे शब्द दुःखाचे खरेच, परंतु त्यांत एक गैरसमजही आहे. त्याचाच आज थोडा विचार करूं.

आपल्या भाषेंत मन बसतें आणि मन देतात. बसतें तें आपोआप. द्यावें लागतें तें समजून उमजून. मानसशास्त्रज्ञांचें म्हणणें याहून फार निराळें नाहीं. अमेरिकेंतील फेस्टिंगर व त्यांचे सहकारी यांनीं १९५० सालीं विद्यार्थी-कुटुंबांच्या एका वसाहतीची पाहणी प्रसिद्ध केली. कोणाची कोणाशीं मैत्री जडावी हें पुष्कळसें कोणाचें दार कोणाच्या दारास लागून आहे यावर अवलंबून होतें! पुढें १९६८ सालीं झायोंक यांनीं दाखविलें कीं, जें वारंवार दृष्टीस पडतें तें आवडूं लागतें. असें हें आकर्षण ईश्वरदत्त स्वभावाचाच भाग होय. त्यांत पाप नाहीं. पण जें आपोआप येतें तें आपोआप ओसरतेंही.

सहवास तरी पुरेसा आहे काय? मराठवाड्यांतून नवराबायकोची जोडी ऊसतोडीस जाते. त्या जोडीस "कोयता" म्हणतात. एका फडांत, एका कोपींत सहा महिने राहूनही दोघांत कामापलीकडे एक शब्द होत नाहीं, असें घडूं शकतें.

मन देणें म्हणजे काय, हें नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांच्या संसारांत दिसतें. त्यांचा पंथ आपल्याहून निराळा. पण धडा सर्वांचा आहे. १८८० सालीं त्यांचें लग्न झालें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि दोघांची ताटातूट झाली. पत्नीनें धर्मांतरामुळें नांदण्यास नकार दिल्यास विवाह मोडून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्यानें ख्रिस्ती झालेल्या पतीस मोकळी होती. टिळक त्या वाटेस गेले नाहींत. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई त्यांजकडे परतल्या, त्या आपला आचार सांभाळूनच. आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या "स्मृतिचित्रें"त त्यांनीं पतीचा तापटपणा लपविला नाहीं, भांडणेंही लपविलीं नाहींत. तरी पानोपानीं माया आहे.

ख्रिस्तसभाही हेंच सांगते. १९८३ च्या धर्मसंहितेचा १०५७ वा नियम म्हणतो कीं, उभयतांच्या संमतीनें विवाह घडतो, आणि संमति ही इच्छाशक्तीची कृति आहे. वेदीपुढें तुम्हांस "मन बसलें काय?" असें कोणीं विचारलें नव्हतें, मनापासून स्वीकार करतां काय, असें विचारलें होतें.

मात्र मार खात राहणें म्हणजे मन देणें नव्हे. जिवास धोका असेल तर वेगळें राहण्याची मुभा त्याच संहितेचा ११५३ वा नियम देतो. अशा भगिनीनें निःशंक आम्हांकडे यावें.

बाकीच्यांस एवढीच विनंति. दांपत्यांचें दीर्घकाळ निरीक्षण करणारे गॉटमन म्हणतात कीं, नातें टिकतें तें लहानसहान हांकेस ओ दिल्यानें. आज घरीं गेल्यावर ती कांहीं सांगूं लागली, तर हातांतला मोबाईल खालीं ठेवा. तो दमून आला असेल, तर आधीं पाणी द्या, हिशेब मागून विचारा. मन उडालें असें वाटतें त्या दिवशीं तर हें अवश्य करा. प्रभु तुमच्या घरांस आशीर्वाद देवो.