राजीनामा कशाला म्हणावे?

खासगी शाळेतले एखादे गुरुजी चहाच्या वेळी सहज बोलून जातात, "या वर्षानंतर आपण काही इथं राहत नाही." संध्याकाळपर्यंत ते बोलणं चिटणीसांच्या कानी जातं. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही करू देत नाहीत. का, तर म्हणे, "तुम्हीच राजीनामा दिलात ना?"

याला राजीनामा म्हणत नाहीत. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे राजीनाम्याच्या दोन प्रती कराव्यात, दोहोंवर सही व तारीख घालावी. एक संस्थेकडे रजिस्टर टपालानं धाडावी, दुसरी आपल्यापाशी ठेवावी. कायम शिक्षकानं तीन महिन्यांची सूचना द्यायची. पुढल्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्याआधी साधारणपणे परतही घेता येतो. सर्वोच्च न्यायालयानं तसं सांगितलं ते, गंमत म्हणजे, उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्याच प्रकरणात!

कायम शिक्षकाला ठपका ठेवून चौकशीवाचून काढता येत नाही. परिवीक्षेवरच्या शिक्षकाचं संरक्षण कमी. पण काम असमाधानकारक म्हणून काढायचं तरी महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावाच लागतो.

काढल्याचा हुकूम मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावं. पुढाऱ्यांच्या ओट्यावर बसण्यात हा महिना हमखास जातो. हुकूमच देत नसतील, तर "मी कामाला हजर आहे" असं पत्र रजिस्टरनं धाडा, पोच जपा. आणि बिनतारखेच्या राजीनाम्यावर कुणी सही मागितली, तर ती मुळीच देऊ नका.